२७८७ विरुद्ध २८३७: कमी रेटिंगवाला जिंकतो तेव्हा नेमकं काय घडतं

तेव्हा जगज्जेता असलेल्या भारताच्या डी. गुकेशने १ जून २०२५ रोजी नॉर्वेतल्या स्टाव्हँगरमध्ये सर्वांत वरच्या रेटिंगच्या मॅग्नस कार्लसनला क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात हरवलं. बातम्यांत सगळ्यात जास्त दिसली ती कार्लसनने टेबलावर आपटलेली मूठ. बुद्धिबळ शिकणाऱ्याने बघायला हवं ते त्याच्या आधीचं. डावाचा बराच काळ वरचढ कार्लसनच होता. गुकेश मागे सरत, एकेक धमकी परतवत तग धरून होता. मग ५२व्या चालीला कार्लसनने घोड्याने शह दिला आणि त्या एका चालीने डाव उलटला.

गुकेशचं रेटिंग तेव्हा २७८७ होतं, कार्लसनचं २८३७. फरक ५० गुणांचा. हा फरक मोठा की लहान, त्यातून डावाबद्दल काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही, हे कळायचं तर आधी रेटिंगचं गणित उलगडावं लागेल. गणित दहावीच्या मुलाला झेपेल इतकंच आहे.

रेटिंग काय सांगतं

या पद्धतीला ‘इलो’ म्हणतात. ते कुठल्या शब्दांचं संक्षिप्त रूप नाही, आडनाव आहे. अर्पाद इलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली.

पद्धतीचा गाभा एकाच प्रश्नात आहे: या दोघांच्या रेटिंगमधला फरक बघता, खालच्या खेळाडूने एका डावात सरासरी किती गुण मिळवायला हवेत? विजयाचा १, बरोबरीचा अर्धा, पराभवाचा ०. फिडेच्या तक्त्यानुसार फरक ५० असेल तर खालच्याचा अपेक्षित गुण ०.४३, १०० ला ०.३६, २०० ला ०.२४, ३०० ला ०.१५ आणि ४०० ला ०.०८.

इथे बहुतेकांची गफलत होते. ०.२४ म्हणजे ‘जिंकण्याची शक्यता २४ टक्के’ असं नाही. त्यात बरोबऱ्याही धरलेल्या असतात. दोघांमध्ये २०० चा फरक आहे आणि ते दहा डाव खेळले, तर खालच्याकडे साधारण २.४ गुण येतील, एवढंच हा आकडा सांगतो. ते एका विजयातून आणि तीन बरोबऱ्यांतून येतील की पाच बरोबऱ्यांतून, यावर तक्ता गप्प आहे.

उदाहरणापुरतं धरू की अशा लढतीत खालचा दहात एकदा जिंकतो. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत दर फेरीला त्याच्यासमोर असाच वरचा खेळाडू आला, तर निदान एक तरी विजय मिळण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के होते. स्विस पद्धतीच्या, म्हणजे कोणीही बाद न होणाऱ्या, खुल्या स्पर्धेत पहिल्या फेरीत ५० पटांवर अशा जोड्या लागल्या, तर चार-पाच पटांवर वरचा हरणं हे अगदी नेहमीचं. हॉलबाहेर मात्र त्यातल्या प्रत्येक निकालाची ‘धक्कादायक’ म्हणून चर्चा होते.

आणखी एक गोष्ट तक्ता धरत नाही: मोहऱ्यांचा रंग. पहिली चाल पांढऱ्याची असल्याने पांढरा सर्वसाधारणपणे ५४-५५ टक्के गुण मिळवतो. म्हणजे रंगाचा फायदा अंदाजे ३० रेटिंग गुणांइतका. स्टाव्हँगरच्या त्या डावात पांढरी मोहरी गुकेशकडे होती. कागदावरचा ५० चा फरक पटावर बसताना तेवढा उरला नव्हता.

वरच्याच्या डोक्यावरचं ओझं

डावानंतर रेटिंग किती बदलणार याचं सूत्र असं: मिळालेला गुण वजा अपेक्षित गुण, गुणिले ‘के’. के हा फिडेने ठरवलेला गुणक आहे. नव्या खेळाडूला पहिले ३० डाव होईपर्यंत ४०. अठरा वर्षांखालच्यांना रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत ४०. बाकीच्यांना २४०० च्या खाली २०. एकदा २४०० गाठलं की कायमचा १०, मग रेटिंग पुन्हा घसरलं तरी.

आता २००० रेटिंगच्या खेळाडूसमोर १६०० चा खेळाडू बसवा. वरच्याचा अपेक्षित गुण ०.९२, के २०. तो जिंकला तर त्याच्या हाती १.६ गुण. बरोबरी झाली तर ८.४ गेले. हरला तर १८.४ गेले. एक पराभव भरून काढायला असेच अकरा-बारा डाव जिंकावे लागतात!

खालच्याने जिंकण्याचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे. वरच्याला बरोबरीसुद्धा महाग पडते, म्हणून तो बरोबरीचा डाव बरोबरीत सोडत नाही. तीच स्थिती पुन्हा-पुन्हा येत असेल तर मुद्दाम वेगळी आणि किंचित वाईट चाल करतो. राजासमोरची प्यादी पुढे ढकलतो. समोरच्याकडून चूक होईल या भरवशावर स्वतःचा पट मोकळा करतो. बहुतेक वेळा चूक होतेही, त्यामुळे त्याची ही सवय पक्की झालेली असते. एखाद्या दिवशी चूक होत नाही, आणि मोकळ्या पडलेल्या राजाची किंमत मोजावी लागते.

फरक ४०० पेक्षा जास्त असला तरी तो ४०० च धरायचा, असा फिडेचा नियम आहे. फक्त २६५० आणि त्यावरच्या खेळाडूंसाठी ही मर्यादा ऑक्टोबर २०२५ पासून काढली आहे. त्यांना आता खूप खालच्या खेळाडूंना हरवून फुकटचे गुण जमवता येत नाहीत.

आकडा शिळा असतो

फिडेची यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. मे महिन्याच्या सुट्टीत एखादी मुलगी लागोपाठ तीन स्पर्धा खेळते. तिसऱ्या स्पर्धेत तिच्या नावापुढे छापलेलं रेटिंग १ मेचं असतं आणि त्यामागचे डाव त्याच्याही आधीचे. मधल्या काळात ती काय शिकली याची त्या आकड्याला खबर नाही. चाळीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत अशा दिरंगाईने फारसं बिघडत नाही. बारा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तीन महिन्यांत खेळ ओळखू येऊ नये इतका बदलतो. म्हणूनच अनुभवी खेळाडू पहिल्या फेरीची जोडी बघताना रेटिंगआधी जन्मवर्ष बघतात.

मुलांचा के ४० ठेवला आहे तो याच कारणाने. १६५० च्या मुलाने १९५० च्या प्रौढाला हरवलं तर मुलाला ०.८५ गुणिले ४०, म्हणजे ३४ गुण मिळतात. प्रौढाचा के २०, त्याचे जातात १७. एवढं करूनही मुलांचं रेटिंग त्यांच्या ताकदीच्या मागेच राहतं. एका महिन्यात खूप डाव झाले तर के आणखी कमीही होतो, कारण के आणि डावांची संख्या यांचा गुणाकार ७०० च्या वर जाऊ देत नाहीत. महिन्यात २० डाव खेळलेल्या मुलाचा के ४० ऐवजी ३५ धरला जातो.

खालच्या पट्ट्यातलं रेटिंग एकंदरीतच आक्रसल्याचं फिडेनेही मान्य केलं. मार्च २०२४ मध्ये १००० ते १९९९ दरम्यानच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वाढवण्यात आलं. वाढ २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के, म्हणजे १५०० चे १७०० झाले आणि १००० चे १४००. रेटिंगची सर्वांत खालची पायरीही तेव्हापासून १४०० आहे. त्याआधीचे निकाल चाळताना ‘१२०० वाल्याने १७०० वाल्याला हरवलं’ असं दिसलं, तर आजच्या मोजपट्टीवर ती १५२० विरुद्ध १८२० अशी लढत होती. अंतर ५०० वरून ३०० वर आलं.

एका चालीचा खेळ

क्रिकेटमध्ये एक वाईट षटक पुढच्या दहा षटकांत भरून काढता येतं. बुद्धिबळात चालींची सरासरी निघत नाही. चाळीस उत्तम चाली आणि एक घोडचूक, तर उत्तर घोडचूकच. त्यामुळे ताकदीचा फरक असूनही निकाल उलटायला एक क्षण पुरतो.

याचं सर्वांत छोटं उदाहरण विश्वनाथन आनंदचंच आहे. १९८८, स्वित्झर्लंडमधलं बील. समोर कोलंबियाचा ग्रँडमास्टर अलोन्सो झपाटा. दोघांच्या रेटिंगचा इथे प्रश्न नाही. चूक कशी होते ते बघण्यासाठी हा डाव घेऊ. पट काढा आणि चाली मांडा. पटाचे उभे स्तंभ डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८.

पांढऱ्याने राजाचं प्यादं ई४ वर नेलं, काळ्याने ई५ वर. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६. याला पेट्रोव्ह बचाव म्हणतात. तिसऱ्या चालीत पांढऱ्या घोड्याने ई५ चं प्यादं मारलं, काळ्याने डी६ वर प्यादं आणून त्याला हुसकावलं. चौथीत घोडा एफ३ वर परतला आणि काळ्या घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. पाचवीत पांढऱ्याने दुसरा घोडा सी३ वर काढला आणि ई४ च्या घोड्यावर हल्ला केला. आनंदने त्याला आधार म्हणून उंट एफ५ वर आणला. सहावी चाल: पांढरा वजीर ई२ वर. आनंदने डाव सोडला.

का? ई स्तंभावरची दोन्ही प्यादी गेली आहेत. वजीर ई२ वर, काळा घोडा ई४ वर, काळा राजा ई८ वर, तिघेही एका रेषेत आणि मध्ये कोणी नाही. घोडा हलला तर राजाला शह, म्हणून तो हलूच शकत नाही. खेळाडू याला पिन म्हणतात. पुढच्या चालीला पांढरा डी३ वर प्यादं सरकवून तो घोडा आरामात मारणार. काळ्याने वजीर ई७ वर आणून राजा झाकला, तर पांढरा घोडा डी५ वर उडी मारून त्या वजिरावर हल्ला करतो. वजीर ई६ वर गेला तर सी७ चं प्यादं मारून तोच घोडा राजा आणि वजीर दोघांना एकदम धरतो. वजीर डी८ वर परतला तर पिन पुन्हा उघडी. ई७ वर उंट आणून आडोसा केला तर ई४ वर दोन पांढऱ्या मोहऱ्यांचा मारा आणि काळ्याचा एकच राखणदार, म्हणजे पांढऱ्याला एक मोहरा फुकट. काहीही केलं तरी मोहरा जातोच.

आनंद पुढे पाच वेळा जगज्जेता झाला. इतका मोठा खेळाडू सहा चालींत कसा सापडला? उंट एफ५ ची चाल त्याने स्वतः शोधली नव्हती. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टोनी माइल्स आणि लॅरी क्रिश्चनसन यांच्या डावात ती आली होती. तिथे पांढऱ्याने वजीर ई२ वर न नेता घोड्यांची अदलाबदल केली आणि डाव बरोबरीत सुटला. छापलेल्या, दोन ग्रँडमास्टरांनी खेळलेल्या डावावर आनंदने विसंबून चाल केली. आज हीच चूक वेगळ्या वेशात होते. इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमची, पहिल्या पसंतीची चाल पाठ असते, पण समोरच्याने दुसऱ्या पसंतीची चाल केली की काय करायचं ते ठाऊक नसतं. पाठांतर जिथे संपतं तिथे वरच्या आणि खालच्यातला फरक काही चालींपुरता पुसला जातो.

घड्याळ

स्टाव्हँगरमध्ये प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १२० मिनिटं होती. दर चालीला १० सेकंदांची भर पडायची ती ४१व्या चालीपासून. म्हणजे पहिल्या ४० चालींत घड्याळ फक्त खाली जातं आणि नंतरची भर श्वास घेण्यापुरतीच. जिंकत आलेल्या खेळाडूला सर्वांत अचूक चाली नेमक्या याच पट्ट्यात कराव्या लागतात. हरत आलेल्याचं काम सोपं असतं असं नाही, पण त्याच्यासमोर पर्याय कमी असतात, आणि कमी पर्यायांत वेळ कमी खर्च होतो. गुकेशने नेमकं हेच साधलं. डाव सोडला नाही, आणि दर चालीला कार्लसनला नवा प्रश्न घालत राहिला.

आपल्याकडच्या खुल्या स्पर्धांत बहुधा ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंदांची भर असते. ४० चालींसाठी एकूण ११० मिनिटं हातात येतात. ओळखीच्या दहा चाली दहा मिनिटांत झाल्या, तर उरलेल्या तीसला दर चालीमागे तीन मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. कमी रेटिंगचे खेळाडू उलटं करतात. समोरच्याचं नाव बघून बिचकतात, ओळखीच्या चालींवरही पाच-पाच मिनिटं घालवतात आणि २५व्या चालीला, जेव्हा डाव खरोखर गुंतागुंतीचा होतो, तेव्हा घड्याळात आठ मिनिटं उरलेली असतात.

खालच्याने काय करावं

सगळ्यात लोकप्रिय सल्ला म्हणजे ‘मोहरी मारामारी करून पट रिकामा कर, बरोबरी घे’. तो बहुतेकदा नुकसान करतो. सारख्या ताकदीचे थोडे मोहरे उरलेला शेवट हे वरच्या खेळाडूचं हक्काचं रान आहे. तिथे त्याला धोका जवळपास शून्य, आणि तो ५० चाली शांतपणे छळू शकतो. खालच्याला संधी असते ती दोघांनाही हिशेब करावा लागेल अशा भरलेल्या पटावर, आणि तेही आपल्या ओळखीच्या प्याद्यांच्या रचनेत. नुसता गोंधळ माजवण्यासाठी मोहरा बळी देणं हा दुसरा टोकाचा मूर्खपणा. हिशेबात वरचा पुढेच असतो.

वरच्याने बरोबरी देऊ केली तर आधी एवढं ओळखावं की त्याला स्वतःची स्थिती आवडलेली नाही. वर पाहिलं तसं, बरोबरी त्याला महाग पडते. तरी तो ती मागतोय. १७०० च्या खेळाडूला २००० विरुद्ध बरोबरीतून ७ गुण मिळतात, विजयातून १७. ताबडतोब हात पुढे करण्याऐवजी दहा मिनिटं घेऊन पट बघावा. प्रस्तावाला मुदत नसते. तोंडी नाकारेपर्यंत किंवा पुढच्या चालीसाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो तसाच टिकतो.

जिंकायला आलेला डाव हातचा जातो तो साधारण तीन ठिकाणी. मोहरा जास्त मिळाल्यावर घाई होते, ‘आता काय, जिंकलोच’ म्हणून दहा सेकंदांत चाल आणि मोहरा परत. मोहरा जास्त मिळाला की पाच मिनिटं थांबून आधी समोरच्याचे सगळे शह आणि सगळ्या मारण्याच्या चाली मोजाव्यात. दुसरं, अदलाबदल चुकीची होते. जास्त असलेल्याने मोहरी कमी करावीत, प्यादी राखावीत. शेवटी वजीर होण्यासाठी प्यादं लागतंच, आणि सगळी प्यादी संपली तर नुसत्या जास्तीच्या घोड्याने मात होत नाही. तिसरं म्हणजे नियमांचं अज्ञान. एकच स्थिती तिसऱ्यांदा येत असल्याने बरोबरीचा दावा करायचा असेल तर ती आणणारी चाल आधी नोंदवहीत लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं. चालीसाठी मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता तो हक्क गेला. हरत आलेला वरचा खेळाडू हे नियम कोळून प्यायलेला असतो.

दोन डावांचे सामने

नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली तेव्हा तिला १५वं मानांकन होतं. वाटेत तिने दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, मग द्रोणावल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाद केलं. अंतिम फेरीत कोनेरू हंपी. हंपी २५४३, दिव्या २४६३. फरक ८०, दिव्याचा अपेक्षित गुण ०.३९.

बाद फेरीचा सामना दोनच क्लासिकल डावांचा असतो, आणि तिथेच खालच्याची खरी संधी आहे. उदाहरणादाखल ०.३९ ची फोड करू: डाव जिंकण्याची शक्यता २० टक्के, बरोबरी ३८, पराभव ४२. अशा खेळाडूने दोन डावांचा सामना टायब्रेक (बरोबरी सोडवणारे जलद डाव) धरून जिंकण्याची शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तीनात एकदा. सामना १२ डावांचा केला तर तीच शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास घसरते. डाव जितके जास्त, तितका रेटिंगचा अंदाज खरा ठरतो.

अंतिम फेरीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला १५ मिनिटं अधिक १० सेकंदांच्या रॅपिड डावांत पहिला पुन्हा बरोबरीत गेला. दुसऱ्यात काळी मोहरी दिव्याकडे होती, हंपीचं घड्याळ संपत आलं आणि शेवटच्या टप्प्यात तिच्या हातून चुका झाल्या. दिव्या २.५–१.५ ने जिंकली आणि स्पर्धेच्या नियमानुसार, २५०० रेटिंग आणि तीन नॉर्मची (स्पर्धेतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची) नेहमीची वाट न धरता, थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

रॅपिड डाव क्लासिकल रेटिंगमध्ये धरत नाहीत. त्यामुळे ज्या डावाने विश्वचषक आणि किताब दोन्ही दिले, त्याची दिव्याच्या क्लासिकल रेटिंगमधली भर शून्य. हंपीविरुद्धच्या दोन बरोबऱ्यांचे मात्र, के १० धरून, प्रत्येकी १.१ गुण जमा झाले.